एमआरआयचं पहिलं नाव आणि बैलाचं जू

भाच्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फुटबॉल खेळताना तुटलं. कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींचेच: पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. त्यामुळे "गुडघा सटकला" एवढं म्हटलं की पुढचं पेठेत कुणाला सांगावं लागत नाही. शस्त्रक्रियेत मांडीच्या मागची कंडरा काढून तिची दोरी केली, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडले आणि दोरी त्यांतून ओवून पक्की केली. सात महिन्यांनी तपासणीचा एमआरआय काढायला गेलो. बाहेर बाकावर बसून या यंत्राचा इतिहास वाचत होतो. एका शब्दापाशी थांबलो, तो शब्द अजून डोक्यातून गेलेला नाही.

एक्स-रेची कथा सर्वांना ठाऊक आहे. १८९५ साली राँटगेनला किरण सापडले. ते अज्ञात म्हणून एक्स, आणि आपल्याकडे बीजगणितातला क्ष घेऊन क्ष-किरण. शस्त्रक्रियेनंतर या फोटोत हाड दिसतं, बोगदे दिसतात, धातूचा स्क्रू किंवा बटण कुठे बसलंय ते कळतं. ज्या दोरीसाठी एवढा खटाटोप केला, ती मात्र त्यात दिसत नाही. ती दाखवतो एमआरआय.

मार्च १९७३मध्ये पॉल लाउटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचा एक छोटा लेख 'नेचर'मध्ये आला. नियतकालिकाने तो आधी परत पाठवला होता. लेखातलं चित्र होतं पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं. याच कामासाठी त्यांना २००३ साली पीटर मॅन्सफिल्ड यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आपल्या पद्धतीला लाउटरबर यांनी नाव दिलं झ्यूग्माटोग्राफी. झ्यूग्मा हा ग्रीक शब्द. अर्थ, जोडण्यासाठी जे वापरतात ते. आणि त्या शब्दाच्या मुळाशी आहे बैल जुंपण्याची क्रिया.

म्हणजे आपलं जू. संस्कृतात युग म्हणजे जू, ग्रीकमध्ये झुगोन, लॅटिनमध्ये युगुम, इंग्रजीत योक. चारही एका मुळाची भावंडं आहेत, आणि यावर भाषाशास्त्रज्ञांत वाद नाही. प्राकृतात शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' झाला: योगीचा जोगी, यंत्राचं जातं, युगाचं जू. बैलाची मान जुवाला बांधायचं जोतं हे योक्त्रातून आलं. गालाच्या हाडाला डॉक्टर झायगोमा म्हणतात, तेही याच घराण्यातलं. आषाढातल्या बेंदराला आमच्या आजोळी जू धुऊन त्याला हळदकुंकू लावत. त्याचा एक चुलतभाऊ न्यूयॉर्क राज्यातल्या प्रयोगशाळेत निघावा, याचा आनंद मला लपवता येत नाही.

झ्यूग्मा हा साहित्यशास्त्रातलाही शब्द आहे. एकाच क्रियापदाला अनेक पदं जुंपली की ग्रीक मंडळी त्याला झ्यूग्मा म्हणत. आपल्याकडचा दीपक अलंकार त्याच्या अगदी जवळचा. त्यामुळे कुणी म्हणेल, शास्त्रज्ञाने नाव घेतलं ते अलंकारशास्त्रातून, बैलाचा संबंध कशाला? मला हे पटत नाही. लाउटरबर यांनी अर्थ स्वतःच सांगितला आहे, आणि तो जोडण्याच्या साधनाचा आहे. त्यांच्या मांडणीत चुंबकीय क्षेत्रं दोन: एक रेडिओ लहरींचं, दुसरं जागेनुसार कमी-जास्त होणारं. या दोघांना जोडते ती मध्ये ठेवलेली वस्तू. म्हणजे यंत्रात भाच्याचा गुडघा ठेवला तेव्हा तो गुडघाच दोन क्षेत्रांच्या मानेवरचं जू झाला, आणि त्या गुडघ्यात नवी दोरी दोन हाडं जोडून बसली होती.

इथे 'जोडणे'ही त्याच युज् धातूचं म्हणायचा मोह होतो. पण तिथे मी हात आखडता घेतो. धातुपाठात बांधणे या अर्थाचा वेगळा 'जुड्' धातू दिलेला आहे. काही विद्वानांच्या मते तो बोलीतूनच संस्कृतात उचललेला असावा. मला हे दुसरं मत जास्त खरं वाटतं: जोडणारी माणसं आधी, पंडित नंतर. 'जुंपणे' मात्र जुवाशेजारीच नांदणारं क्रियापद आहे, आणि ते युज्च्या घरचं असावं असा माझा अंदाज आहे.

झ्यूग्माटोग्राफी हे नाव टिकलं नाही. उच्चारायला जड होतं. पुढे रूढ झालेल्या नावातला 'न्यूक्लिअर' हा शब्दही रुग्ण घाबरतात म्हणून गळला आणि एमआरआय उरलं.

नाव काहीही असो, हे यंत्र आमच्या एका मल्लाच्या नशिबी नव्हतं. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचं कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव आमच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. पुढच्या ऑलिंपिकची तयारी चालू असताना त्यांचा गुडघा दुखावला आणि ती वाट तिथेच बंद झाली. लिगामेंटचं असं चित्र काढणारं यंत्र तेव्हा जगात कुठेच नव्हतं. मोतीबाग किंवा गंगावेश तालमीतला आजचा पोरगा गुडघा धरून बसला, तर त्याला ते गावातच मिळतं.

भाच्याच्या चित्रात नवी दोरी ठिकठिकाणी पांढुरकी दिसली. "काका, परत तुटलं काय?" त्याने विचारलं. डॉक्टरांनी समजावलं ते प्रत्येक घरात माहीत असावं. बसवल्यावर सुरुवातीला दोरी चित्रात काळी दिसते. मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, कंडरेचं हळूहळू लिगामेंट होऊ लागतं, आणि त्या काळात ती उजळ दिसते. वर्ष-दोन वर्षांत बहुधा पुन्हा काळवंडते. म्हणून सातव्या महिन्यातला पांढरेपणा म्हणजे दोरी तुटली असं नव्हे. धागे सलग आहेत का, बोगदे जागेवर आहेत का आणि हाताने तपासताना गुडघा घट्ट लागतो का, हे तिन्ही मिळून बघायचं असतं. भाच्याचा गुडघा घट्ट होता.

जू, जोतं, शिवळा हे शब्द ट्रॅक्टर आल्यापासून तोंडातून जात चालले आहेत. करवीर, पन्हाळा, भुदरगड, गडहिंग्लज, कुठल्याही गावात तुमच्या घरी जुवाच्या भागांना वेगळी नावं असतील, तर ती म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा आणि मलाही कळवा.