पेट्रोलला स्पिरिटचा वास

तर झालं असं, की जुलैच्या शेवटच्या शनिवारी पुण्याहून गावी पोचायला रात्रीचे अकरा वाजले आणि पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या दवाखान्यात आल्यासारखं वाटलं. इंजेक्शन द्यायच्या आधी कापसाला जे लावतात ना, तो वास. त्यात पेट्रोलचा उग्रपणा मिसळलेला. पडवीत वडिलांची जुनी शंभर सीसीची मोटरसायकल उभी असते. आई म्हणाली, "चार दिवस झाले, वास काही जात नाही. चुलीपाशी काडी ओढायची भीती वाटती मला."

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या कालव्यावर. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

आपला धंदाच डिबगिंगचा, त्यामुळे रविवारी सकाळी चहा घेऊन गाडीपुढे बसलो. पेट्रोल कॉकपासून कार्बोरेटरला जाणारा रबरी पाइप बोटांना मऊ लागत होता, फुगलेला. कार्बोरेटरच्या बुडाशी ओलसर. म्हणजे गळती आहे हे नक्की. पण गळतंय तर पेट्रोलचा वास यावा, स्पिरिटचा का? इथे मी एकदम निष्कर्षावर उडी मारली: भेसळ!

ही उडी अगदीच वेडेपणाची नव्हती. आमच्या भागात पेट्रोलला वेगळा वास आला की भेसळ, हे लहानपणापासून ऐकलेलं समीकरण आहे. पूर्वी तो वास रॉकेलचा असायचा. रेशनच्या रॉकेलमध्ये निळा रंग घालायचे ते याचसाठी, की मिसळलं तर कळावं. आमच्याकडच्या पंपांवर येणारं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून येतं. त्याच परिसरात २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जाळून मारलं. चोरी आणि भेसळ चालू असताना ते तिथे थांबले, एवढाच त्यांचा गुन्हा. मी तेव्हा शाळेत होतो. घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. त्यामुळे आमच्याकडे 'पेट्रोलला वास येतोय' हे वाक्य कुणी सहज म्हणत नाही.

मग प्रयोग केला. फवारणीच्या औषधाबरोबर येतं ते मोजपात्र स्वच्छ धुतलं, त्यात आदल्या दिवशी पंपावरून कॅनमध्ये आणलेलं ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घातलं, हलवून ठेवलं. पेट्रोल आणि पाणी वेगळे राहतात, खाली १० मिलीच पाणी दिसायला हवं. दिसलं जवळजवळ २८! म्हणजे पेट्रोलमधली १८ मिली काहीतरी वस्तू पाण्यात उतरली होती. नव्वदात अठरा, म्हणजे वीस टक्के. मी ते पात्र तसंच पिशवीत घालून तावातावाने पंपावर गेलो. जे बोलायचं नाही तेही बोललो.

पंपाचे मॅनेजर वयाने मोठे, शांत माणूस. म्हणाले, "दादा, बसा आधी. तुम्ही केली ती टेस्ट बरोबर आहे. आकडाबी बरोबर आहे. ते वीस टक्के सरकारनंच घातलंय." आणि मशीनवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. इथेनॉल मिश्रित, ई-२०.

थोडक्यात, देशभर राजरोस चालू असलेली गोष्ट मी फवारणीच्या मापात शोधून काढली होती! बातम्या मीही वाचल्या होत्या हो, पण बातमीतलं 'ब्लेंडिंग' आणि आपल्या पडवीतला वास या दोन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात. माफी मागितली, चहा झाला. त्या लाजेपोटी पुढचे तीन वीकेंड मी या स्पिरिटचा इतिहास वाचत बसलो, आणि तो फिरून फिरून आमच्याच तालुक्यात यायला लागला.

सुरुवात पाण्यापासून. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना आला. (श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही बेलापूर आहे, नवीन माणूस हमखास गोंधळतो.) १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात लावून देशी साखरेला संरक्षण दिलं, आणि जे कारखाने देशात तीसेक होते ते चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. त्याच लाटेत १९३३ साली महादेव डहाणूकरांनी श्रीरामपूरजवळ महाराष्ट्र शुगर मिल्स काढली. तेच आजचं टिळकनगर. पुढे कोपरगावकडे सोमय्यांची साकरवाडी झाली.

साखर वाढली तशी मळी वाढली. मळी म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरतो तो काळा, चिकट, गोडसर-आंबूस पाक. टनभर उसामागे चाळीस-पंचेचाळीस किलो. हिचं करायचं काय? तीसच्या दशकात रस्त्यावर डांबराऐवजी मळी वापरून पाहण्याचे प्रयोगसुद्धा झाले. पावसात त्या रस्त्याचं काय होत असेल, कल्पना करा. खरा उपाय सगळ्यांना माहीत होता: मळी आंबवा, अल्कोहोल काढा, पेट्रोलमध्ये घाला. त्याला नाव होतं 'पॉवर अल्कोहोल'. संयुक्त प्रांत आणि बिहारच्या सरकारांनी यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल १९३८ चा आहे आणि संयुक्त प्रांताने १९४० साली कायदाही केला. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या, तेव्हा ही कल्पना किती कामाची हे वेगळं सांगायला नको.

स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षभरात, १९४८ साली, केंद्राने इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट केला. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळणं बंधनकारक करता येईल असा कायदा, १९४८ साली! हे वाचून मी दोनदा वर्ष तपासलं. आणि त्याच सुमारास आमच्या शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते. १९५० मध्ये त्याची चाकं फिरली आणि पुढे जिल्हाभर एकामागून एक सहकारी कारखाने आले. म्हणजे कायदा होता, मळी होती, गरज होती. मग माझ्या वडिलांच्या गाडीत स्पिरिट यायला एवढी वर्षं का लागली?

मला जी कारणं पटली ती अशी. एक तर साधं ऊर्ध्वपातन करून अल्कोहोल साधारण ९५ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतं, उरलेलं पाणी सुटता सुटत नाही. पिणाऱ्याला आणि औषधवाल्याला ते चालतं, पेट्रोलला चालत नाही. त्याला ९९ टक्क्यांच्या वर न्यावं लागतं, त्यासाठी वेगळा प्लांट, वेगळा खर्च. दुसरं, पन्नास-साठच्या दशकात अल्कोहोलला दुसरी गिऱ्हाइकं मिळाली: ॲसेटिक ॲसिड, प्लास्टिक, कृत्रिम रबर. तिसरं, अल्कोहोल ही दारूही असते. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा, त्यामुळे मळीच्या टँकरलाही परवाना. राज्याला त्यातून महसूल हवा, केंद्राला उद्योग हवा. औद्योगिक अल्कोहोलवर अधिकार कुणाचा, हा वाद इतका लांबला की सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल दिला तेव्हा कुठे तो राज्यांच्या बाजूने मिटला. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पेट्रोल स्वस्त होतं, तोपर्यंत कुणाला घाई नव्हती.

आता गंमत बघा. तो १९४८ चा कायदा निरुपयोगी म्हणून २००० साली रद्द केला. आणि २००१ साली सरकारने पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे तीन प्रायोगिक प्रकल्प सुरू केले, त्यातले दोन महाराष्ट्रात: एक मिरज, दुसरा मनमाड! कोड डिलीट करायचा आणि पुढच्याच रिलीजला तेच फीचर मागायचं, हे फक्त आमच्या ऑफिसात होतं असं मला वाटायचं. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासकट नऊ राज्यांत पाच टक्के सुरू झालं. लगेच दुष्काळ आणि लोकरी मावा आला, ऊस घटला, मळी मिळेना, २००४ मध्ये सक्ती सैल झाली. २००६ मध्ये पुन्हा सुरुवात. २०१३-१४ ला देशाचं मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. २०१८ नंतर मात्र गाडी सुसाट सुटली, कारण बी-हेवी मळी आणि थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल करायला परवानगी मिळाली. २०२२ मध्ये दहा टक्के, २०२५ मध्ये वीस.

ब्राझीलने हेच १९७५ पासून नेटाने केलं आणि तिथे १९७९ साली निव्वळ अल्कोहोलवर चालणारी मोटार विकायला आली. पण त्यांनी गाड्याही तशा बनवल्या. आपल्याकडे गाडी शंभर सीसीची, वीस वर्षं जुनी, आणि इंधन आजचं.

आता पुन्हा पडवीत. सोमवारी सुट्टी टाकून गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल केला आणि काचेच्या ग्लासात धरलं. वर थोडं पेट्रोल, खाली गढूळ थर. त्यांनी बोट बुडवून वास घेतला, म्हणाले, "हे बघ. पाणी गेलंय टाकीत." टाकीच्या झाकणाचा रबरी वॉशर चिरलेला होता, गाडी आठ-दहा दिवस पागोळ्यांखाली उभी होती. साध्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते खाली नुसतं पाणी म्हणून बसतं. इथे इथेनॉल पाण्याला धरतं आणि त्याच्याबरोबर तळाशी जातं. तो स्पिरिट-पाण्याचा थर आधी कॉकमधून कार्बोरेटरमध्ये उतरला, फ्लोटची पिन धड बसेना, ओव्हरफ्लो झाला, आणि फुगलेल्या पाइपाच्या तोंडाशीही पाझरत राहिला. मी मोजपात्रात जो प्रयोग केला, तोच टाकीत आपोआप चालू होता! इथेनॉलचा दोष किती आणि वॉशरचा किती? माझ्या मते वॉशरचा जास्त. मिस्त्रींच्या मते माझा, झाकण कधी बघितलंस म्हणून.

वडील या सगळ्यात फारसे बोलले नाहीत. आमचा ऊस कारखान्याला जातो, इथेनॉलमुळे उसाचं बिल वेळेवर येण्याची शक्यता वाढली असं ते मानतात, आणि त्यात तथ्य आहे. मी त्यांना हिशोब दाखवला. टाकीत दहा लिटर पेट्रोल म्हणजे दोन लिटर इथेनॉल. शेवटच्या मळीपासून केलं तर त्यासाठी सुमारे दोनशे किलो उसाची मळी लागते, म्हणजे साखर काढून झाल्यावर उरलेली. थेट रसापासून केलं तर तीसेक किलो ऊस पुरतो, पण मग साखर नाही. आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे २८६० लिटर पाणी. म्हणजे एका टाकीला पावणेसहा हजार लिटर. तोच अहवाल म्हणतो की अशा जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्के घटतं.

वडिलांनी ॲव्हरेजचा आकडा सोडून दिला, पाण्याचा मात्र कागदावर लिहून घेतला. भंडारदऱ्याचं पाणी आम्ही वापरायचं की खाली जायकवाडीला सोडायचं, यावर दर दोन-चार वर्षांनी कोर्टकचेऱ्या होतात. याच जिल्ह्याच्या दक्षिणेला पाथर्डी-जामखेडकडे उन्हाळ्यात टँकर येतात आणि तिथलीच माणसं दिवाळीनंतर कोयते घेऊन आमच्याकडे ऊस तोडायला येतात. कागद घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "पुढच्या आवर्तनाच्या मीटिंगला विचारतो हे." विचारलं की नाही, माहीत नाही.

नवा पाइप, झाकणाचा वॉशर, फ्लोटची पिन, टाकी धुण्याची मजुरी, सगळे मिळून सहाशे ऐंशी रुपये झाले. तळाचा थर मिस्त्रींनी एका बाटलीत भरून दिलाय. तो काय करायचा हे अजून ठरलेलं नाही, सध्या गोठ्याच्या मागे ठेवलाय.