पडद्याआडचा वध

नायकाचा वध अंकात दाखवू नये, असा दंडक नाट्यशास्त्राने घातला आणि आमच्या जुन्या नाटककारांनी तो बहुधा पाळला. भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला प्रेक्षकांदेखत प्राण सोडायला लावले खरे, पण असले धाडस विरळा. एरवी मारामारी पडद्याआड व्हायची आणि कुणीतरी धापा टाकीत येऊन ती सांगायची. हे शिकवताना वर्गातली मुले हमखास विचारतात, “गुरुजी, मग मजा काय?” मजा हीच, की उरलेला वध प्रेक्षक आपल्या मनात उरकतो. आणि तेथे पोलिसांचा पहारा बसवता येत नाही.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातली. व्यासांनी ती काही आडपडदा ठेवून सांगितलेली नाही. भीम कीचकाचे हातपाय धडात कोंबून त्याचा नुसता मांसाचा गोळा करतो. (आजीच्या तोंडून हे ऐकताना आम्हां पोरांच्या हातचा घास काही थांबत नसे.) शतकानुशतके ही कथा कीर्तनांतून रंगली, कुणाचे सिंहासन डळमळले नाही. परंतु बंगालची फाळणी होऊन दोनच वर्षे झाली होती. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत हिंदभूमी, सबुरी सांगणाऱ्या धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. नाटकात कर्झनचे नाव नाही. ते घ्यायची गरजच काय होती?

पुढच्याच वर्षी लोकमान्य मंडालेला गेले. १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, तीही कविता छापल्याबद्दल! त्यांचा खटला ज्यांच्या हातून पुढे गेला ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात त्यांच्या निरोपाप्रीत्यर्थ खेळ ठेवला होता. अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्यांना तेथेच गोळ्या घातल्या.

खेळ कोणता होता? ‘कीचकवध’ नव्हे. देवलांचे ‘शारदा’, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या पोरीचे नाटक!

१९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्याच वर्षी सरकारने बंदी घातली ती मात्र ‘कीचकवधा’वर. बंदी अन्यायाचीच होती. भीती मात्र अगदीच खुळी होती असे मला म्हणवत नाही. पुराणातला कीचक मेला तर आपण टाळ्या वाजवतो, कारण तो नुसता कीचक असतो. जॅक्सनसाहेब संस्कृतचे अभ्यासक होते, लोक त्यांना पंडित म्हणत. कान्हेऱ्यांच्या त्यागापुढे मी मान लववतो. तरी नाट्यगृहात कोसळलेला तो संस्कृतज्ञ मला कीचकाच्या मुखवट्यात काही केल्या बसवता येत नाही. माझ्या कादंबरीत असा प्रसंग आला तेव्हा चार रात्री लेखणी अडली होती.

नाट्यप्रयोगांना वेसण घालणारा १८७६ चा कायदा इंग्रजांबरोबर गेला असेल, असे पुष्कळांना वाटते. तो रद्द झाला २०१८ साली.