कोड आणि कोढ : एका शब्दाचा सामाजिक इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी याच शाळेत आम्हाला व्युत्पत्तीची गोडी लावली. त्यांचे स्मरण म्हणून आज एका लहानशा शब्दाचा इतिहास आपणांपुढे मांडावा असे योजिले आहे. तो शब्द म्हणजे ‘कोड’. या निवडीमागे अभ्यासाइतकेच एक खासगी कारणही आहे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून माझ्या अंगावर कोड आहे. आपणांपैकी अनेकांनी ते पाहिले आहे. त्याविषयी मला विचारले मात्र क्वचित कोणी.

संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दापासून प्राकृतात ‘कुट्ठ’, ‘कोढ’ अशी रूपे झाली. त्यांतूनच मराठीचा ‘कोड’ आला आणि हिंदीचा ‘कोढ़’ही आला. दोघे सख्खे भाऊ. परंतु त्यांची घरे वेगळी झाली. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरील पांढरे डाग. हातापायांची बोटे झिजविणाऱ्या रोगाला आपण ‘महारोग’ अथवा ‘रक्तपिती’ म्हणत आलो. हिंदीत मात्र ‘कोढ़’ म्हणजे तो महारोगच. पांढऱ्या डागांना तेथे ‘सफेद दाग’ म्हणतात. मराठीत ‘कोड’ या शब्दाला लाड, हौस असाही अर्थ आहे, पण त्याचे कूळ निराळे. कोड पुरविणे आणि कोड फुटणे यांत केवळ उच्चाराचे साम्य आहे.

हा भेद पुण्यामुंबईच्या अभ्यासकाला कोशातील एक गंमत वाटेल. इच्छापुरात तो जगण्याचा प्रश्न होतो. इच्छादेवीच्या टेकडीवरून दक्षिणेकडे पाहिले की महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपले गाव मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी आपली दुहेरी वहिवाट पडली. १९६८ साली पुढील शिक्षणासाठी मी एका वसतिगृहात प्रवेश मागितला. अर्ज भरताना तेथील कारकुनाने माझ्या हातांकडे पाहून वडिलांना विचारले. वडील सरळपणे म्हणाले, ‘‘इसे कोड है.’’ कारकुनाने तितक्याच सरळपणे लिहिले, ‘कोढ़’. जिल्ह्याच्या डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत माझा प्रवेश दोन महिने अडकून राहिला. तोवर गावात बातमी पोहोचली होती, आणि दाखला काही बातमीच्या मागे फिरला नाही. ड आणि ढ यांत भाषाशास्त्राच्या दृष्टीने एका महाप्राणाचे अंतर आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन सोयरिकी त्या अंतरात मोडल्या.

दोन रोगांची ही सरमिसळ अज्ञानातून झाली, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहास पाहता ते तितकेसे खरे नाही. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात ‘किलास’ म्हणजे पांढऱ्या डागांवर दोन सूक्ते आहेत. काळ्या रंगाच्या वनस्पतीने त्वचेला पुन्हा तिचा रंग द्यावा, अशी त्यांतील प्रार्थना. चरकाने अठरा कुष्ठे सांगितली, त्यांत सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. पांढऱ्या डागांचा म्हणजे ‘श्वित्रा’चा विचार मात्र त्याने वेगळा केला. सुश्रुताने तर भेद स्पष्टच केला. किलास केवळ त्वचेत राहतो आणि त्यातून स्राव होत नाही. बुऱ्हाणपुरात ज्या युनानी वैद्यकाची परंपरा आहे, त्यातही पांढऱ्या डागांना ‘बर्स’ आणि महारोगाला ‘जुजाम’ अशी दोन स्वतंत्र नावे आहेत. घोटाळा पश्चिमेकडेही झाला. बायबलच्या जुन्या करारातील त्वचेच्या अशुद्धीसाठी ग्रीक भाषांतरकारांनी ‘लेप्रा’ हा शब्द योजिला. पुढे तोच शब्द महारोगाला चिकटला आणि त्या अशुद्धीचा सारा कलंक त्या रोग्यांच्या माथी आला.

उपचारांचीही परंपरा जुनी आहे. कृष्णपुत्र सांबाचे कुष्ठ सूर्योपासनेने गेले, अशी पुराणकथा आहे. आयुर्वेदात बावचीचे बी आणि ऊन यांचा योग सांगितला आहे. या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते त्वचेत रंग निर्माण करण्यास मदत करते, हे विसाव्या शतकात कळले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कैरोच्या अब्देल मोनेम अल मोफ्ती यांनी नाईलकाठच्या एका वनस्पतीतील तशाच द्रव्याचे प्रयोग केले. आधुनिक प्रकाशोपचाराचा पाया त्यातून घातला गेला.

इंग्रजी अमदानीतील कागदही अज्ञ नव्हते. १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत महारोग्यांची गणना होत असे. केवळ पांढरे डाग असलेल्यांना त्यांत धरू नये, अशी सूचना प्रगणकांना दिली जाई. तरीही दोहोंची गल्लत होते, अशी तक्रार अहवालांत येत राहिली. १८९८ च्या महारोग्यांसंबंधीच्या कायद्याने व्रण झालेल्या निर्धन रोग्याला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. व्रणाची अट असल्याने कोड असलेला मनुष्य त्या व्याख्येत बसत नव्हता. म्हणजे वैद्यकाला भेद ठाऊक होता, सरकारला ठाऊक होता. ओसरीवरच्या बोलण्यात मात्र तो उतरला नाही.

याचा एक परिणाम इतिहासलेखनावरही झाला. महारोगाचा इतिहास लिहिता येतो, कारण त्याच्या संस्था आहेत. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवेस आरंभ केला. १९४६ साली अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन उभे राहिले. १९४९ साली वरोऱ्याला बाबा आमटे यांची महारोगी सेवा समिती स्थापन झाली. संस्कृतज्ञ परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा सेवाग्रामात स्वतः गांधीजींनी केली. कोडाला असा आश्रम नाही, कारण त्याने कोणी गाव सोडून जात नव्हते. तो घरातच राहिला. त्याचा इतिहास लांब बाह्यांच्या पोलक्यांत आहे, फोटोच्या वेळी मागे उभे राहण्यात आहे आणि लग्नाच्या बैठकीत न उच्चारलेल्या वाक्यात आहे. कागदोपत्री तो मिळत नाही; तो माणसांकडून ऐकून घ्यावा लागतो.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. कोड असलेली आम्ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकच बचाव करीत आलो : ‘हा तो रोग नव्हे.’ हे वाक्य सत्य आहे. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते संसर्गजन्य नाही आणि डागावरील स्पर्शज्ञान शाबूत असते. जगात शंभरांतील साधारण एका माणसाला ते असते. परंतु या बचावाचा अर्थ असाही होतो, की तो रोग असता तर तुमचे वागणे योग्यच ठरले असते. आपल्या पाठीवरचे ओझे आपण शेजाऱ्याच्या पाठीवर ठेवतो. आणि शेजारीही त्यास पात्र नाही. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू दाखविला. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने तो रोग पूर्ण बरा होतो. तरीही १८९८ चा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ साली वगळले गेले. रोग बरा झाला, कायदा मागून आला; रूढी अजून वाटेत आहे.

बदल होत आहेत, हेही नमूद करते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशनच्या द्वारे कोड असलेल्यांना एकत्र आणले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली ‘नितळ’ हा चित्रपट केला. त्याची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे आणि तिची परीक्षा होणाऱ्या सासरच्या घरात होते. मायकेल जॅक्सनने १९९३ साली आपल्याला कोड असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच्या निधनाचा दिवस, २५ जून, आता जगभर कोडाविषयीच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. २०२२ साली अमेरिकेत त्यावर एका नव्या मलमास मान्यता मिळाली. माझ्या वयाला त्याचा उपयोग नाही. आणि खरे सांगायचे तर आता हे हात मला परके वाटत नाहीत.

या शाळेकडे माझे एकच मागणे आहे. आपल्या मुलांना दोन्ही भाषा येतात. ‘कोड’ आणि ‘कोढ़’ यांतील अंतर त्यांना कोणत्याही कोशकारापेक्षा चांगले कळेल. ते त्यांना वर्गात सांगावे, दोन्ही रोगांची खरी माहिती द्यावी. आणि ज्या मुलाच्या अंगावर डाग असेल, त्याला समूहछायाचित्रात पहिल्या रांगेत बसवावे.