ए की ओ?

मंडळी, गेले तीन विकेंड आमच्या घरात एका अक्षरावरून रण पेटलं होतं.

झालं असं, की पुतणी वेळेच्या आधीच आली आणि तिचा बारावा दिवस काचेच्या पेटीत गेला. बाराव्या दिवशी बारसं केलं तर वेगळा मुहूर्त बघावा लागत नाही. तो दिवसच मुहूर्त. तो हुकला आणि पंचांगं निघाली. हो, अनेकवचनी! दाते पंचांगाप्रमाणे जन्मनक्षत्र कृत्तिका, चौथं चरण, अक्षर 'ए'. आजीच्या माहेरच्या टिळक पंचांगाप्रमाणे रोहिणी, पहिलं चरण, अक्षर 'ओ'.

"तू कॉम्प्युटरवाला ना? सांग, खरं कुठलं?" आजीने विचारलं. म्हटलं, चला, बग शोधूया.

हे अक्षर म्हणजे साधं लुकअप टेबल. २७ नक्षत्रं, प्रत्येकाची ४ चरणं, एकूण १०८ खाने. जन्मवेळी चंद्र ज्या खान्यात, ते अक्षर. (आर्द्रेत 'ङ' आणि हस्तात 'ण' पण आहे. करा विचार!) एक खाना ३ अंश २० कलांचा, चंद्र तो साधारण ६ तासांत ओलांडतो. म्हणजे टेबल एकच, भांडण चंद्राच्या जागेचं.

महाराष्ट्रात शतकानुशतकं ही जागा 'ग्रहलाघव'वरून काढत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा हा ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे इ.स. १५२०. त्याचे वडील केशव यांनी 'मुहूर्ततत्त्व' लिहिलेलं, त्यामुळे विषय घरचाच. गणेशाने ज्या-कोज्या (आपले साइन-कोसाइन) चक्क टाळले आणि आकडे छोटे राहावेत म्हणून ४०१६ दिवसांचं चक्र वापरलं. आजच्या भाषेत, अफलातून ऑप्टिमायझेशन.

पण अंदाजी सूत्रांची चूक साठत जाते. १९व्या शतकात ग्रहणाची वेळ आणि पंचांग जुळेना. १८६५ साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या गणिताचं पटवर्धनी पंचांग सुरू केलं. पुढे त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक याच शुद्ध पंचांगाच्या बाजूने उभे राहिले.

गणित सुधारलं, पण एक प्रश्न उरला. वर्तुळाला शून्य कुठे धरायचं? छत्रे-टिळकांनी रेवती नक्षत्रातला एक अंधुक तारा धरला. व्यंकटेश बापूजी केतकर म्हणाले, ठळक चित्रा तारा १८० अंशांवर येईल असं शून्य धरा. दोन्हींत फरक सुमारे ४ अंशांचा! मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने चित्रेच्या बाजूचं शून्य घेतलं. त्यांनी सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. दातेही चित्रापक्षीच.

आता गंमत बघा. फरक ४ अंशांचा आणि खाना ३ अंश २० कलांचा. म्हणजे या दोन पंचांगांत अक्षर कधीच जुळणार नाही! नक्षत्र तरी दहातल्या सातेक वेळा तेच राहतं, अक्षर मात्र दर वेळी बदलणारच. बग नव्हताच. दोन्ही प्रोग्रॅम बरोबर, फक्त ओरिजिन वेगळा.

हे सगळं आजीला सांगितलं. वाटलं, आता ती चिडेल. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे हे माणसांनीच ठरवलेलं. मग आपणही ठरवू."

नावरस नाव आणि व्यवहारातलं नाव वेगळं ठेवायची पद्धत आपल्याकडे आहेच. 'ए' कानात सांगायला ठेवला. पाळण्यावर नाव लागलं 'ओवी'. मुहूर्त? डॉक्टरांनी घरी सोडलं त्यानंतरचा पहिला रविवार. त्या दिवशी पंचांग कुणीच उघडलं नाही. वजन मात्र सगळ्यांनी विचारलं.

असो. घुगऱ्या मस्त झाल्या होत्या.