आजोबा म्हणाले, 'अढी कच्ची आहे तुझी'

मागच्या भागात माझा आवाज जरा दबलेला होता, असं तुमच्यापैकी काही जणांनी कळवलं. बरोबर ऐकलंत. बरगडी दुखत होती, कारण मी खांबावरून पडले होते.

हो, पोल फिटनेस. गेल्या जूनपासून पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत शिकतेय. घरी मात्र सांगितलं होतं, 'जिमला जाते'. पोल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला क्लब येतो ना, आणि वर ती आखूड शॉर्ट्स! आईला कसं समजावणार?

पहिले दीड महिने मला धड वर चढताही येत नव्हतं. मांड्या भाजल्यासारख्या व्हायच्या, नडग्या काळ्यानिळ्या. अकराव्या आठवड्यात हात घामेजला, सुटला आणि मी आपटले. तीन आठवडे सक्तीची विश्रांती. परत गेले तर जे जमत होतं तेही गेलेलं! त्या दिवशी फी परत मिळते का, हे विचारायचंच फक्त बाकी होतं.

संध्याकाळी आजोबांना माझी नडगी दिसली. साताऱ्याच्या तालमीत वाढलेला माणूस. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अढी कच्ची आहे तुझी. कुठला खांब?"

अढी म्हणजे पायांनी खांबाला घातलेली मिठी. मल्लखांबाचा पहिला धडा. मी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं, आणि आजचा भाग तिथून सुरू झाला.

आता थोडा इतिहास. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या व्यायामात खांबाचा उल्लेख येतो. मग कित्येक शतकं फारसं काही ऐकू येत नाही. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर येतात. कथा अशी सांगतात, की निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्यात आव्हान द्यायला आले. कोवळ्या बाळंभटांनी ते घेतलं, मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगीला गेले. तिथे माकडांच्या चपळाईवरून त्यांना खांबाचे डाव सुचले, आणि परत येऊन त्यांनी अलीला हरवलं. यात दंतकथा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण मल्लखांबाला नवा जन्म दिला तो बाळंभटदादांनी, हे सगळेच मानतात.

मला खरी भिडली ती त्यापुढची गोष्ट. १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीरावाला पुणं सोडून गंगेकाठी बिठूरला जावं लागलं. आश्रयदाता पदच्युत, दरबार उठला. म्हणजे विद्या संपायला हवी होती. पण बाळंभटदादांबरोबर ती उत्तरेत गेली, शिष्यांमधून पसरली. पुण्यातला पराभव झाला नसता, तर हा खांब एवढ्या लवकर काशीपर्यंत पोचला असता का?

आता मजा बघा. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावतात, घर्षण कमी व्हावं आणि कातडी सोलली जाऊ नये म्हणून. आम्ही स्टीलचा पोल पुसून पुसून कोरडा करतो, कारण तो जेमतेम ४५ मिलिमीटर जाडीचा, गुळगुळीत. पण पकड दोन्हीकडे उघड्या कातडीचीच. कापड घसरतं. मल्लखांबपटू लंगोट लावतो आणि मी शॉर्ट्स घालते, त्यामागचं कारण एकच! एकाकडे बघून आपण 'वा!' म्हणतो आणि दुसरीकडे बघून नजर चोरतो.

पोल क्लबमधून आला, हे खरंच आहे. ते लपवायचं कारण नाही. पण १९९० च्या दशकात तो व्यायामाच्या वर्गात शिरला आणि आता त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. तिकडे मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला झाली. त्याच भागात समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्या घडवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

आजोबांनी मला इतिहास सांगितला नाही, तो मी नंतर वाचला. त्यांनी एकच विचारलं, "उतरायला शिकवलंय का?" मी गप्प. शिकवलं होतं, मीच मनावर घेतलं नव्हतं. मला वर जायची घाई. ते म्हणाले, "आमचे वस्ताद आधी उतरायला लावायचे. ज्याला उतरता येतं, त्याचा हात भीतीनं सुटत नाही."

पुढचे दोन आठवडे मी फक्त तेच केलं. कमरेएवढं चढायचं, सावकाश खाली यायचं. बाकीच्या मुली वर उलट्या लटकत होत्या. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण परवा छतापर्यंत गेले आणि हाताला घाम आला तेव्हा घाबरले नाही, अढी आवळली आणि उतरले.

उलटं लटकणं अजून जमत नाही. आणि हो, हा भाग प्रसिद्ध व्हायच्या आधी आईला ऐकवला. ती म्हणाली, "शॉर्ट्सचं नंतर बघू. आधी बरगडीचं का नाही सांगितलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हीही घरी काही लपवून शिकत असाल, तर पडायच्या आधी सांगून टाका. भेटू पुढच्या भागात!