दूरच्या विद्यार्थ्याचे चित्र : कोल्हापुरातील दूरशिक्षण आणि पर्सोनाची पद्धत

दूरशिक्षणाचे प्रत्येक साधन कोणता तरी विद्यार्थी गृहीत धरून घडवलेले असते. टपालाने येणारी पाठांची पुस्तिका, रविवारचे संपर्कसत्र, मोबाइलवरचे ॲप या सगळ्यांत तो गृहीत विद्यार्थी दडलेला असतो. हे गृहीतक एका व्यक्तिरेखेच्या रूपात उघडपणे कागदावर मांडायचे, खऱ्या माणसांशी ताडून पाहायचे आणि मगच साधन घडवायचे, या पद्धतीला संगणकक्षेत्रात पर्सोना म्हणतात. पद्धत अलीकडची असली तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गेल्या सव्वाशे वर्षांत त्याला वेगवेगळी उत्तरे मिळत गेली.

संस्थानकाळात गाव आणि कॉलेज यांतले अंतर वसतिगृहांनी मिटवले. राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झाले, तरी खेड्यातून येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहण्या-जेवण्याची सोय नव्हती. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काळात राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या व इतर समाजांतील मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली. या व्यवस्थेपुढचा विद्यार्थी स्पष्ट होता : घर सोडून चार-सहा वर्षे शहरात राहू शकेल असा मुलगा. त्याची अडचण नेमकी ओळखली गेली, म्हणून उपाय लागू पडला. मात्र नोकरी करणारा प्रौढ किंवा संसारात गुंतलेली स्त्री या चित्रात नव्हती.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. कॉलेजात जाऊ न शकणाऱ्यांसाठी तेव्हा बहिःस्थ परीक्षार्थी होण्याची वाट होती. अर्ज भरायचा, शुल्क भरायचे, अभ्यासक्रम मिळवायचा आणि परीक्षेला बसायचे. अध्यापनाची जबाबदारी विद्यापीठावर नसे. पुस्तके कोठून आणायची, कोणता भाग महत्त्वाचा, उत्तर कसे लिहायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे. गाईड आणि जुन्या प्रश्नपत्रिका हेच बहुतेकांचे शिक्षक ठरत. विद्यार्थी स्वतःच्या बळावर सगळे करू शकतो, असे ही पद्धत मानून चालत होती.

१९६२ सालीच दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले आणि पाठ लिहून पाठवण्याचे काम संस्थेकडे आले. ही दिशा देशाच्या धोरणात आणणाऱ्यांत कोल्हापूर जिल्ह्यातले एक नाव महत्त्वाचे आहे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक १९६४ ते १९६६ या काळात शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्याआधी १९५२ साली गारगोटीत सुरू झालेल्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता, त्यामुळे ग्रामीण शिकणाऱ्याची स्थिती त्यांना जवळून ठाऊक होती. उच्च शिक्षणातील सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांची सोय १९८६ पर्यंत पत्रद्वारा शिक्षण आणि सायंकालीन महाविद्यालयांतून व्हावी, असे आयोगाने सुचवले. काम करता करता शिकणारा प्रौढ हा अपवाद नसून मोठा वर्ग आहे, ही गोष्ट त्यातून अधिकृतपणे मांडली गेली.

महाराष्ट्रात या वर्गासाठी स्वतंत्र विद्यापीठ आले ते १९८९ साली. १ जुलै रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू होते. कोल्हापुरात त्याचे विभागीय केंद्र आणि चालू महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे सुरू झाली. शाळा अर्धवट सुटलेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे येता आले. समंत्रण, म्हणजे मार्गदर्शनाचे तास, सुटीच्या दिवशी ठेवले गेले, कारण एरवी विद्यार्थी कामावर असतो.

या विद्यापीठाच्या पुस्तकांची मांडणी पाहण्याजोगी आहे. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मजकूर लहान उपविभागांत तोडलेला, मध्येच स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे. वर्गात शिक्षक थांबून ‘समजले का?’ असे विचारतो, ते काम इथे छापील पान करते. १९६९ साली सनद मिळालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने अशा स्वयं-अध्ययन साहित्याचा पाया घातला होता आणि बर्ये होल्मबेर्ग या स्वीडिश अभ्यासकाने दूरशिक्षणाचा पाठ हा विद्यार्थ्याशी चाललेला संवाद असावा, असे प्रतिपादन केले होते. एकटा, थकलेला, मध्येच उठावे लागणारा वाचक या मांडणीच्या मुळाशी आहे. पर्सोना हे नाव नसताना केलेले हे त्याच जातीचे काम होते.

पर्सोनाचा उगम मात्र सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील ॲलन कूपर हे कामांचे नियोजन करणारा एक प्रोग्रॅम लिहीत होते. त्यांनी काही संभाव्य वापरकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतून कॅथी नावाची एक व्यक्तिरेखा मनाशी उभी केली. संगणक काम करत असताना ते बाहेर फेरी मारत आणि कॅथीच्या भूमिकेत शिरून स्वतःशी बोलत. कोणती सोय तिला लागेल आणि कोणती लागणार नाही, याचा निवाडा त्यातून होई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या पुस्तकातून ही पद्धत जगभर पोहोचली.

महाराष्ट्रात याच सुमारास संगणक सामान्य विद्यार्थ्याच्या हाती येऊ लागला. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत गेली. २०१७ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांचे केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ व्यासपीठ आले. २०२० च्या टाळेबंदीत सगळेच शिक्षण पडद्यावर गेले आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षणक्रमांसाठी एकत्रित नियमावली काढली. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या केंद्राच्या नावातही आता दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण हे दोन्ही शब्द आहेत.

अशा ऑनलाइन साधनासाठी पर्सोना कसा घडवतात, हे कोल्हापूरच्या एका नमुन्यावरून दिसते. आधी वीस-पंचवीस विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलायचे, प्रवेश-अर्ज आणि तक्रारी चाळायच्या, अभ्यासकेंद्रातल्या लिपिकाला विचारायचे. सारख्या सवयी आणि अडचणी एकत्र आल्या की त्यांतून तीन-चार व्यक्तिरेखा उभ्या राहतात. समजा, त्यांतल्या एकीला वंदना हे नाव दिले. वय ३४, चंदगड तालुक्यातील अंगणवाडी सेविका, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात स्मार्टफोन एकच, तोही दिवसा मुलाकडे. अभ्यासाला वेळ रात्री जेवणे आटोपल्यावर. पावसाळ्यात रेंज जाते-येते. प्रवेशाचा अर्ज तालुक्याच्या नेट कॅफेत भरला, तेव्हा कॅफेवाल्याने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. म्हणून ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पासवर्ड विसरला की तिला पुन्हा तालुक्याला जावे लागते.

एवढ्या वर्णनावरून बरेच निर्णय ठरतात. संपूर्ण पुस्तकाची एकच जड फाइल न देता घटकवार लहान फाइली द्याव्या लागतात. व्हिडिओबरोबर नुसता आवाज ऐकण्याची सोय लागते. उतरवून घेतलेला पाठ रेंज नसतानाही उघडला पाहिजे. मोबाइल नंबर बदलण्याचे काम अभ्यासकेंद्रात झाले पाहिजे. ठरावीक वेळेच्या थेट तासाला हजेरीची सक्ती केली, तर वंदना गळते.

दुसरी व्यक्तिरेखा साखर कारखान्यातल्या कामगाराची असू शकते. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो आणि कारखाना तिन्ही पाळ्यांत सुरू असतो. हिवाळी परीक्षा आणि स्वाध्यायांच्या मुदती ऐन हंगामात येतात. त्याच्याकडे फोन आहे, रेंज आहे, पण आठवड्याला पाळी बदलते. त्याला हवी असते ती मुदतीची आगाऊ सूचना आणि आधीच स्वाध्याय देऊन मोकळे होण्याची सवलत. वंदनासाठी केलेली सोय त्याला पुरत नाही, म्हणूनच एका ‘सरासरी’ विद्यार्थ्याऐवजी अनेक पर्सोना लागतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. व्यक्तिरेखेतून खऱ्या वापरकर्त्यांबद्दल नेमके काय सिद्ध होते, हे तपासता येत नाही, असा आक्षेप ख्रिस्तोफर चॅपमन आणि रसेल मिल्हॅम यांनी २००६ साली घेतला. मुलाखती न घेता कार्यालयात बसून पर्सोना लिहिला, तर ‘खेड्यातली बाई’, ‘अडाणी कामगार’ असे ठोकळेच तयार होतात आणि ज्याची मुलाखतच झाली नाही, तो अंध किंवा अल्पदृष्टी विद्यार्थी चित्राबाहेर राहतो. म्हणून पर्सोना प्रवेशाच्या आकडेवारीशी ताडावा लागतो, साधन खऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती देऊन चाचणी घ्यावी लागते आणि फोन, डेटाचे दर, परीक्षेचे नियम बदलले की व्यक्तिरेखाही नव्याने लिहावी लागते. बोर्डिंग, बहिःस्थ परीक्षा आणि मुक्त विद्यापीठ यांच्यामागची गृहीतके उमगायला एकेक पिढी गेली. पर्सोना कागदावर असल्याने त्यातली चूक साधन बांधण्याआधीच दाखवता येते.