फासे, पत्ते आणि दगा : जिरोलामो कार्दानोची कथा

१/७
सोळाव्या शतकातील व्हेनिस. एका सिनेट-सदस्याच्या घरी जुगाराचा डाव रंगला होता. पाहुण्याने पहिल्या दिवशी काही पैसे घालवले, दुसऱ्या दिवशी उरलेलेही. मग त्याच्या ध्यानात आले, की पत्त्यांवर खुणा आहेत. त्याने खंजीर उपसून यजमानाच्या तोंडावर वार केला आणि पैसे परत मिळवून तो तेथून निसटला.

२/७
हा पाहुणा म्हणजे जिरोलामो कार्दानो (१५०१–१५७६). वैद्य, गणिती आणि अट्टल जुगारी. वरील प्रसंग त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच नोंदवला आहे.

३/७
फाशांच्या खेळावर त्याने एक लॅटिन ग्रंथ लिहिला. दोन फाशांची शक्य दाने ३६, तीन फाशांची २१६. दोन फाशांत निदान एक सहा किती दानांत पडेल? सहा अधिक सहा, म्हणजे बारा, असे चटकन वाटते. परंतु दोन्ही फाशांवर सहा असलेले दान त्यात दोनदा मोजले जाते. खरे उत्तर ११.

४/७
या मोजणीला मात्र एक अट आहे : फाशाच्या सहाही बाजू सारख्याच संभाव्य असल्या पाहिजेत. कार्दानोच्या मते समान स्थिती हाच खेळाचा पाया. प्रतिस्पर्धी, बघे, पैसा, जागा आणि स्वतः फासा, सर्वांत समानता हवी. ती आपल्याविरुद्ध ढळली असता खेळणारा मूर्ख. आपल्या बाजूने ढळली असता अन्यायी.

५/७
म्हणूनच गणिताच्या या ग्रंथात लबाडीचीही चर्चा येते : कडा गोलावलेले फासे, सहज सरकावेत म्हणून साबण लावलेले पत्ते, प्रतिस्पर्ध्याचे पान पाहण्यासाठी अंगठीत बसवलेला आरसा.

६/७
दगा खपतो, कारण दैवाने आलेली हार आणि दग्याने आलेली हार दिसायला सारखीच असते. हरणारा नशिबाला बोल लावतो व पुढच्या डावाची आशा धरतो. प्रामाणिक फासा कसा वागतो हे ठाऊक असल्यावाचून अप्रामाणिक फासा ओळखता येत नाही. कार्दानोच्या मोजणीने नेमके हेच माप दिले. तरीही नशीब नावाच्या शक्तीवरील त्याचा स्वतःचा विश्वास सुटला नाही.

७/७
ग्रंथ छापला गेला १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ८७ वर्षांनी. तोवर, १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहू लागले होते. कार्दानोच्या ग्रंथातील एक निष्कर्ष मात्र कोणत्याही गणिताशिवाय कळतो : जुगारातील सर्वांत मोठा लाभ न खेळण्यात आहे. हे लिहिणाऱ्या माणसाने आयुष्याची सुमारे २५ वर्षे फाशांपुढे घालवली होती.